येळु म्हणजे सात

ही गोष्ट वैशालीलाही ठाऊक नाही, आणि बायको म्हणून तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे. तीन वर्षं झाली. सांगायचं म्हणून दोनदा तिच्यासमोर बसलो, दोनदा उठलो. आज सांगतो. पण आधी खेळ सांगावा लागेल, नाहीतर गुन्हा कळणार नाही.

मी बेळगावात वजनकाटे दुरुस्त करतो. माझ्या हातून गेलेला काटा चुकला, असं आजवर कुणी परत येऊन सांगितलेलं नाही. बढाई म्हणून नव्हे, पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

एक रविवार आड आम्ही चौघं दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसतो. मी, वैशाली, माझा शाळेपासूनचा मित्र येळ्ळूरचा प्रकाश, आणि निपाणीहून बसनं येणारे भूपालअण्णा. अण्णांचं भांड्यांचं दुकान आहे, घरात कानडी चालते. खेळात मी सूत्रधार. एक पडकं तळघर, त्यातले राक्षस, सापळे, खजिने माझ्या वहीत असतात. बाकीचे तिघं एकेक पात्र घेऊन त्यात उतरतात. काय करायचं ते तोंडानं सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवणार. पन्नाशीची माणसं 'मी दार हळूच ढकलतो' असं म्हणून श्वास रोखून बसतात. इतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही — खोटं कशाला बोलू?

या खेळाच्या दोन तऱ्हा आहेत. जुनीत नियम थोडे आणि मरण स्वस्त. नवीत पात्राला वाचायच्या संधीवर संधी. मी जुनीचा. प्रकाशला नवी आवडायची, आणि मी त्याला चिडवायचो की तुझ्या खेळात मरायचं तर तीन प्रतींत अर्ज द्यावा लागतो. आमच्या टेबलावर मात्र पात्राचे प्राण शून्यावर आले की आठ बाजूंचा एकच फासा. सात किंवा आठ पडले तर जगला, नाहीतर गेला. चारात एक. तो फासा मी शंभरदा टाकून, आकडे लिहून तपासला होता. एवढा एकच फासा मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचो आणि आकडा तोंडानं सांगायचो, कारण त्या क्षणभराच्या शांततेत फार मजा असते. मी खोटं सांगणार नाही, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मीसुद्धा.

प्रकाशचा जादूगार पडला तेव्हा सहा आले. मी सहा सांगितले.

"एकानं हुकलं व्हय?" तो म्हणाला. "सात म्हण की रं. कोण बघतंय?"

मी त्याला सगळ्यांदेखत व्याख्यान दिलं. काटा दाखवील तेच वजन, वगैरे. वर्षभर सांभाळलेल्या जादूगाराचा कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला. वाईट वाटलं का मला? वाटलं — पण त्याहून जास्त अभिमान वाटला.

महिन्याभरानं अण्णांचा योद्धा पडला. त्याच दुपारी, चहा पिताना, प्रकाश अण्णांना नव्या तऱ्हेनं खेळणाऱ्या एका मंडळाबद्दल सांगत होता. हा योद्धा गेला की मीपण तिकडंच, असं अण्णा म्हणाले होते. हसत म्हणाले होते. पण मी मोजलं. तिघांतले दोघं गेले की टेबल संपलं.

फासा टाकला. तीन.

मी त्या तीनकडे किती वेळ बघत होतो, सांगता येत नाही. मग माझ्या तोंडून आलं, "येळु."

कानडीत येळु म्हणजे सात. आणि येळु म्हणजे ऊठ. अण्णा खरोखरच उठले. चिरमुऱ्यांचं ताट उलटलं, वैशालीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. आणि प्रकाश — ज्याचा जादूगार मी सहावर मारला होता, तो प्रकाश — माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझाच खेळ खरा, गड्या. हितं वाचला तो खरा वाचतोय." त्या मंडळाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मी मराठीत 'सात' का म्हणालो नाही? तीन वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मी आकडा सांगितलाच नाही, पडलेल्या माणसाला ऊठ म्हणालो. त्यात खोटं कुठं आहे? काट्याला बोट लावणारा दुकानदारही असंच म्हणतो — लावलं नव्हतं, नुसतं टेकलं होतं. आणि वर मी लिहिलं, तोंडून आलं. तेही बरोबर नाही. तो शब्द मी शोधला. तीनकडे बघत बसलो होतो तेव्हा तेच करत होतो.

आता आमच्याकडे कुणाचंही पात्र पडलं की तिघं टेबल बडवतात, येळु, येळु! शेजारचे काका विचारतात, रविवारी दुपारी तुम्ही कुणाला उठवता? आम्ही पुन्हा हसत सुटतो. हे हसूही खरं आहे. मी त्यांच्याइतकाच हसतो.

गेल्या रविवारी प्रकाशचा धनुर्धर पडला. आडोशामागे फासा टाकला. सात. खराखुरा सात. मी "सात" म्हणालो आणि पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला, सगळ्यांना दिसावा म्हणून. फासा टेबलाच्या मधोमध, आकडा वर. तिघंही उभे राहून ओरडत होते. वैशालीनं प्रकाशला टाळी दिली, अण्णांनी त्याला मिठी मारली.

"पुठ्ठा परत लाव रं," प्रकाश हसत म्हणाला. "तुझ्या आकड्याला कोण बघतंय?"

मी पुठ्ठा परत उभा केला.

त्याचा जादूगार सहावर मेला. अण्णांचा योद्धा तीनवर उठला.