गोल अक्षरांचा फोन

मुलगी पुण्याला नोकरीला लागली, तिने स्वतःसाठी नवा मोबाइल घेतला आणि तिचा जुना माझ्याकडे आला. राखाडी रंगाचा, मुठीत मावेल एवढा, पडद्यावर हिरवट उजेड. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. वसईजवळ उमेळ्यात आमच्या वाडीच्या तीन बाजूंना तेव्हा अजून झाडंच होती, चौथ्या बाजूला पहिली चार मजली इमारत उभी राहत होती. घरात लँडलाइन होताच, त्यामुळे ह्यांना या वस्तूचं काही कारणच दिसेना. "मी वाडीत, तू शाळेत. आपल्याला शोधणार कोण?" असं म्हणून ते केळींना पाणी सोडायला निघून गेले.

मी शाळेत मराठी शिकवत होते. वय पन्नाशीला टेकलेलं. तीस-एक वर्षं दुसऱ्यांना शिकवल्यावर आपण स्वतः शेवटचं नवीन काय आणि कधी शिकलो, ते मला आठवेना. मुलीने निघायच्या दिवशी सकाळी तासभर बसवून शिकवलं. हिरवं बटण उचलायला, लाल ठेवायला, वरच्या कोपऱ्यातल्या दांड्या म्हणजे रेंज. मग रिक्षात बसता बसता म्हणाली, "आई, बाकी काही दाबू नकोस हं."

ती तसं म्हणाली नसती, तर कदाचित मी खरंच दाबलं नसतं.

पहिलं कुतूहल त्या दांड्यांचं. स्वयंपाकघरात दोन, ओट्यावर तीन, मागच्या दारी एकही नाही. असं का, हे कोणी सांगेना, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी फोन हातात धरून वाडी पालथी घातली. केळीच्या ओळींतून चालताना दांडी यायची आणि जायची. विहिरीवर वाकले तर साफ नाहीशी. आमच्या वाडीच्या टोकाला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं आहे, पूर्वी सगळ्या शिंपण्याचं पाणी त्याच्यातून निघायचं. त्याच्या काठावर, जिथे कधी कोणी उभंही राहत नाही, तिथे चारच्या चार दांड्या भरल्या. मी दोन पावलं मागे आले, तीन झाल्या. पुन्हा पुढे गेले, चार. ह्यांनी लांबून पाहिलं. "काय हरवलंय का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"नाही हो, सापडतंय!" मी म्हणाले.

घरी येऊन मी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर वाडीचा नकाशा काढला आणि प्रत्येक जागी दांड्यांचा आकडा लिहिला. ह्यांनी तो चष्मा लावून बघितला आणि फक्त एवढंच म्हणाले, "सोनचाफ्याजवळ दोन कशा? तिथे तर मोकळं आहे." दुसऱ्या दिवशी ते स्वतः फोन घेऊन सोनचाफ्याजवळ जाऊन आले. दोनच निघाल्या.

मेसेज लिहायला मात्र घाम फुटला. एका बटणावर तीन-तीन अक्षरं, तीही इंग्रजी, आणि त्यांतून मराठी लिहायचं. 'जेवलीस का' एवढं लिहायला मला भात शिजायला लागतो तेवढा वेळ लागला. मग कधीतरी चुकून फोन आपणहून शब्द ओळखायला लागला. मी बटण एकेकदाच दाबायची आणि तो त्याच्या मनाने इंग्रजी शब्द बनवायचा. मला वाटलं, हे सोपं झालं, आणि नीट न वाचताच मी मेसेज पाठवून दिला. दहा मिनिटांत मुलीचा फोन.

"आई, कसली बॅग?"

"बॅग? मी कुठे बॅग म्हणाले?"

"शेवटी लिहिलंयस, बॅग."

मी शेवटी 'आई' लिहिलं होतं. आईला आणि बॅगेला लागणारी बटणं तीच. पुढे दोन-तीन वर्षं मुलगी मला फोन केला की "काय गं बॅग" म्हणायची, आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणींनाही ते माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. एका शुक्रवारी संध्याकाळी पेपर तपासून झाल्यावर मी फोनच्या आत असाच फेरफटका मारत होते. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिथे अचानक भाषांची यादी उघडली. मराठी शिकवणारी बाई मी, मी तिथेच थांबले. मराठी शोधली, नव्हती. हिंदी होती. तिच्या खाली एकेक भाषेचं नाव तिच्या तिच्या लिपीत लिहिलेलं. त्यातलं एक नाव फार देखणं होतं. सगळी अक्षरं गोल, रांगोळीची वेल काढावी तशी एकात एक गुंफलेली. दक्षिणेकडची भाषा असणार, पण नक्की कुठली हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. या लिपीत 'संदेश' कसा दिसत असेल, एवढंच बघायचं होतं मला. दाबलं.

क्षणात सगळा पडदा गोल झाला. मी हरखून बघत बसले. मग परत फिरायचं म्हणून लाल बटण दाबलं, तर फोन पहिल्या पानावर आला आणि मी आत गेले होते तो रस्ताच विसरले. कारण मी तिथे ठरवून गेलेच नव्हते, भटकत पोचले होते. आता प्रत्येक पाटी न वाचता येणारी. हे उघड, ते उघड. एकदा गजर लागला. एकदा खेळातला साप धावायला लागला आणि स्वतःलाच चावून मेला. शाळेत पहिल्या दिवशी फळ्याकडे बघणाऱ्या मुलांना काय वाटत असेल, ते मला त्या संध्याकाळी कळलं. सगळं समोर लिहिलेलं, आणि आपल्यासाठी त्यात काहीच नाही.

मुलीला सांगायची लाज वाटली. तिने बजावलं होतं ना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "उचलता येतो ना? मग राहू दे." उचलता येत होता, पण राहू देणं माझ्याच्याने होईना. शनिवार तसाच गेला.

रविवारी सकाळी मावशी आली. मावशी म्हणजे पाचूबंदरची कोळीण. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच, पण आमच्या आळीत सगळेच तिला मावशी म्हणायचे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तिची सासू मासळी घेऊन यायची, नंतर ती येऊ लागली. ओट्यावर पाटी उतरवून तिने वरचं फडकं काढलं. बोंबील होते, थोडी कोळंबी होती. पण माझं लक्ष नव्हतं. मी फोन घेऊनच बाहेर आले होते.

"काय झाला बाय? तोंड उतरलाय."

मी फोन पुढे केला. तिने हात फडक्याला पुसले आणि पदराखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत फोन. राखाडी, मुठीत मावणारा. हुबेहूब माझाच. त्याच्या कडेला माशाचं खवलं चिकटलेलं.

"माझा पन हाच हाय," ती म्हणाली. "काय बिघडला?"

"बिघडला नाही गं. भाषा बदलली. काही वाचता येत नाही."

ती मोठ्याने हसली. "मंग त्यात काय! मना कुठं वाचता येतं?"

हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिला अक्षरओळख नव्हती. आणि वर्षभर ती हा फोन बिनदिक्कत वापरत होती. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. "दाखव मला, तू कसं करतेस ते."

तिने दाखवलं. अंगठा न बघता चालत होता. आत जायचं, एकदा खाली, दोनदा खाली, चित्र आलं की थांबायचं. "मासा निसताना मी वाचून निसते काय? बोटाला ठावं असते कुठं काटा हाय." तिच्यासाठी तो फोन म्हणजे चालून चालून पाठ झालेली वाट होती. फक्त भाषा कुठे बदलतात ते मात्र तिला ठाऊक नव्हतं, कारण तशी काही गोष्ट असते हेच माहीत नव्हतं.

मग तिनेच युक्ती काढली. "माझ्यात तुमाला वाचता येते ना? मंग तुमी माझ्यात वाचा. मी दाबते. मी दाबीन तसा तुमी तुमच्यात दाबा."

आम्ही दोघी मांडीला मांडी लावून बसलो. ती तिच्या फोनवर एक पाऊल टाकायची, मी तिथलं इंग्रजी मोठ्याने वाचायची. नको, ते नको, पुढे. हं, हे. मग माझ्या फोनवर तितक्याच वेळा तेच बटण. दोनदा चुकलो, परत पहिल्यापासून. बोंबलांवर मांजर टपलं, ह्यांनी येऊन ते हाकललं आणि तेही कठड्याला टेकून बघत उभे राहिले. चौथ्या पायरीला तिच्या पडद्यावर 'लँग्वेज' आलं. मी माझ्यात दाबलं. यादी उघडली, आणि त्यात नीट, ओळखीच्या अक्षरांत हिंदी. त्याच्या वर इंग्रजी. मी इंग्रजी दाबली.

"आलं!" मी ओरडलेच.

मावशी माझ्यापेक्षा शांत होती. ती तिच्या फोनवरच्या यादीकडे टक लावून बघत होती. "कंची होती ती? गोल गोल?"

मी बोट ठेवलं.

"ही बरी दिसते. माझ्यात हीच ठेवा."

"अगं, कुणालाच वाचता येणार नाही!"

"मना सगल्या सारख्याच. ही बघायला तरी बरी हाय." मग जरा थांबून म्हणाली, "घरात सगले माझा फोन चाळवतात. दीर, जाऊ, पुतनी. आता कोन चाळवते बघू."

मी दोनदा विचारलं. ती ठाम होती. मी तिचा फोन गोल अक्षरांचा करून दिला. तिने तिथेच बसून बहिणीला फोन लावून बघितला, लागला. पुढे तो फोन असेपर्यंत तिने भाषा बदलू दिली नाही.

त्या दिवशी तिने मला तिची नावांची यादीही दाखवली. काही नावं कोणीतरी लिहून दिलेली होती, ती तिला लांबी-रुंदीवरून कळत. उरलेली तिची स्वतःची. बहीण म्हणजे एक ठिपका. बर्फवाला म्हणजे चांदणीचं बटण. माझा नंबर तिने तेव्हाच घेतला आणि खुणेसाठी चौकटीचं बटण दाबलं, दोन उभ्या रेघा आणि दोन आडव्या. "ह्यो तुमचा फाटक," ती म्हणाली. आमच्या वाडीचं बांबूचं फाटक खरंच तसं होतं. इतकी वर्षं रोज उघडून मी ते कधी बघितलं नव्हतं.

नवऱ्याच्या नावाशी ती थांबली. "हा बोटीवं असते. किनारा जवल आला का मना फोन करते."

"समुद्रातून लागतो?" बावखलाच्या काठावरच्या चार दांड्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. "किती आत असताना लागतो?"

"ते मी काय सांगू? या एक दिवस, तुमीच विचारा त्याला."

मी खरंच गेले. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटल्यावर रिक्षाने किल्ल्यापर्यंत आणि तिथून चालत पाचूबंदर. जन्म वसईत गेला होता, पण मासळीच्या धक्क्यावर मी दुसऱ्यांदाच येत होते. बांबूंवर बोंबील वाळत होते. पाट्या उपड्या घालून बायका बसल्या होत्या. मावशीने मला तिच्याजवळ जागा करून दिली आणि इतरांना सांगितलं, "ह्या बाय, मराठी शिकवतात. फोनचा शिकायला आल्यात." त्या हसल्या, मीही हसले. खरंच होतं ते.

तासाभराने तिचा फोन वाजला. ती चटचट बोलली, काय गावलं, किती पाट्या, बर्फ सांगू का. मग माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, "थांब, बाय बोलतान." फोन माझ्या हातात.

समोर फक्त समुद्र. एकही बोट दिसत नव्हती. आणि त्या न दिसणाऱ्या बोटीवरचा माणूस माझ्या कानात श्वास घेत होता. मागे इंजिनाची धडधड, वारा, आणि कोणीतरी खूप खोकत होतं.

"तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

"पान्यात!" तो म्हणाला.

"तसं नाही. तुम्हाला तिथून काय दिसतंय?"

तो बहुतेक वळून बघत असावा. "किल्ला दिसते," तो म्हणाला. "येवढासा. काली रेघ वढल्यासारखा. त्याच्या वर माड. मानसा नाय दिसत."

"मी त्या रेघेच्या इकडे आहे," मी म्हणाले, आणि पुढे काही विचारणार तोच आवाज तुटला. मी फोन कानाला लावून तशीच उभी. मावशीने तो काढून घेतला, पिशवीत घातला. "गेली रेंज. येतान आता."

अर्ध्या-पाऊण तासाने बोट दिसली, मग मोठी झाली, मग धक्क्याला लागली. एकदम गडबड उडाली, पाट्या वर आल्या, मी बाजूला सरकले. लिलाव आटोपल्यावर मावशीचा नवरा माझ्याकडे आला. उंच, उन्हाने रापलेला, गुडघ्यापर्यंत ओला. जरा लाजतच उभा राहिला.

"फोनवं तुमीच होत्या?"

"हो."

"मना एक सांगा," तो म्हणाला. "मी बोटीवरनं रोज बोलतंय, पन आमचा हिकडं ऐकू कसा येते, ते कदी कोनी सांगितला नाय. तुमाला काय काय ऐकाला आला?"

मी आठवून आठवून सांगितलं. इंजिन आधी धडधडत होतं आणि मध्येच हळू झालं. वारा, कोणी कागद फडफडवावा तसा. पाणी मात्र अजिबात ऐकू आलं नाही, याचं मला नवल वाटलं होतं. आणि सारखा खोकला.

"खोकला पन?" त्याने मागे वळून बोट चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाला हाक मारली. "काका! तुमचा खोकला वसईपरेंत ऐकाला आला!"

तांडेल दोर गुंडाळत होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आमी फोन केला ती जागा इथनं किती लांब असंल वो?"

ते त्या तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. आम्ही चौघं तिथे उभं राहून बराच वेळ त्यावर बोलत होतो.