सात खुर्च्या आणि चाळीस सेकंद

आमची मावशी बसत नाही. कुणाकडेही गेली तरी दाराशी उभ्याउभ्या चहा घेते आणि निघते. घरात सगळे तिला शिष्ट म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि आता माझ्याच जिभेला चिमटा काढावासा वाटतो.

काका सुतार. बायको बसत नाही म्हणजे खुर्चीतच खोट असणार, असं समजून त्यांनी नऊ वर्षांत तिच्यासाठी सात खुर्च्या केल्या. रुंद, अरुंद, गादीची, वेताची, एक तर डुलणारी! मावशी प्रत्येकीचं तोंडभरून कौतुक करायची आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. योनिमुखाशी तिची सारखी आग व्हायची, सुया टोचल्यासारखी. बसलं की वाढायची आणि नवरा जवळ आला की जीव नकोसा व्हायचा. एका डॉक्टरांनी तपासून ‘काहीच दिसत नाही’ म्हटलं, दुसऱ्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हटलं. त्यानंतर तिने तोंडाला कुलूपच लावलं.

मावशी टायपिस्ट. मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवायचं, तेही बुटक्या कपाटावर संगणक ठेवून, उभ्याने. डोळे मिटून टाइप करते, आणि त्याचा तिला कोण तोरा!

एकदा ऑफिसात नवं काम आलं. एक संशोधक बाई नेमकं हेच दुखणं असलेल्या बायकांना भेटत होत्या. त्यापायी कामावर काय होतं, घरात काय होतं, काय काय सोडावं लागलं, सगळं विचारत होत्या. पहिली मुलाखत ऐकताना मावशीने हेडफोन काढून मागे वळून पाहिलं. आपलीच कुणीतरी थट्टा करतंय असं तिला वाटलं.

तिथला नियम कडक. अक्षर न अक्षर उतरवायचं. बाई हसली तर कंसात ‘हसू’, गप्प बसली तर कंसात ‘शांतता’, आणि दोन्हीपुढे किती सेकंद तेही.

सतराव्या मुलाखतीत प्रश्न आला, “घरी कुणाला सांगितलंत?” रेकॉर्डिंगमधली बाई गप्प झाली ती चाळीस सेकंद. मावशीची बोटं मात्र थांबली नाहीत.

दोन दिवसांनी संशोधक बाईंनी तिला खोलीत बोलावलं. समोर तो कागद.

“या बाई शाळेत शिकवतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कागदावर मात्र त्या दिवसभर उभ्याने टाइप करतात. आणि त्यांच्या नवऱ्याने त्यांना... सात खुर्च्या करून दिल्यात?”

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरी गेली, अब्रूही गेली! पुढची ओळ बाईंनी मोठ्याने वाचली: “त्याला वाटतं मला तो नकोसा झालाय. मला तो आवडतो हो, खुर्च्यांसकट आवडतो.”

आणि मावशीला हसू फुटलं. आवरेचना! बाईंनी ओठ दाबले, पण ‘खुर्च्यांसकट’ म्हणता म्हणता त्यांचाही बांध फुटला. पहारेकरी दार उघडून बघून गेला.

डोळे पुसून बाईंनी त्या ओळी खोडल्या आणि तिथे ‘शांतता, चाळीस सेकंद’ लिहिलं. मग म्हणाल्या, “हे खरं दुखणं आहे. त्याला नाव आहे. पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही, पण उपचार करणारी माणसं आहेत, त्यांचा पत्ता देते. आणि तुमच्या ओळी वाया कशाला घालवायच्या? मुलाखत देता का?”

“आधी घरी एकाला सांगून येते,” मावशी म्हणाली.

काका रंधा मारत होते. तिने उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, एका दमात. काकांनी रंधा खाली ठेवला.

“म्हणजे मी नकोसा नव्हतो?”

“नाही हो.”

“आणि खुर्च्या?”

“खुर्च्या उत्तम होत्या!”

तेव्हा ते जे रडायला लागले, ते मध्येच हसायलाही लागले. मावशीचंही तेच.

आठवड्याभरात त्यांनी छातीएवढं उंच टेबल केलं. आता त्यांच्याकडे गेलं की सगळे उभ्यानेच जेवतात, आणि सात खुर्च्या भिंतीशी रिकाम्या.

स्वतःची मुलाखत मावशीने स्वतःच टाइप केली. “घरी कुणाला सांगितलंत?” या प्रश्नाखाली कंसात ‘हसू’ आहे. त्यापुढे सेकंद लिहायचे ती विसरली, आणि संशोधक बाईंनीही ते तसंच राहू दिलं.