उलटी मेढ

मी मस्कतला निघालो तेव्हा दारात गाडी उभी होती आणि बाबा मला घेऊन गोठ्यात शिरले. आमच्यात परगावी जाणाऱ्यानं मेढीला हात लावूनच निघायचं. मेढ म्हणजे गोठ्याचा मधला खांब, बांधकामात सगळ्यात आधी पूजा करून उभा करतात तो. मी हात लावला. अर्धवट उजेडात पेंढ्याचा वास, बैलांचे उसासे. बाहेर धाकटा भाऊ सुदाम ओरडत होता, कशेळीला ट्रॅफिक लागंल म्हणून. बाबा म्हणाले, "जा. हा काय पळून जात न्हाय."

वळ या आमच्या गावातला तो गोठा पणजोबांनी घातलेला. मागचे खांब त्यांच्या वेळचे, झाडाचं बेचकं तसंच ठेवून त्यात तुळई टेकवलेली. आजोबांनी गोठा पुढे वाढवला तेव्हा सुतार आला. त्यानं खांब चौकोनी तासले, खाचा पाडून लाकडात लाकूड बसवलं, एक खिळा मारला नाही. मधली मेढ त्याच वेळची. गवताचं छप्पर जाऊन कौलं आली ती बाबांच्या लग्नात. लहानपणी मला या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं.

वळच्या आजूबाजूला सगळी गोदामं झालेली, आणि मस्कतलाही मी गोदामातच लागलो. बघा नशीब! शिफ्टमध्ये उंच रॅकमधून फिरताना डोळा लागल्यासारखं व्हायचं, आणि एसीच्या गारव्यात पेंढ्याचा वास यायचा. लोखंडाला पाठ घासत बैल चाललेत असं वाटायचं. फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजला की पुन्हा ड्युटी. तुमच्यातले जे बाहेर गेलेत त्यांना हे सांगायला नको. गावात राहिलेले हसतील, हसू देत.

मग वळच्या आमच्या जमिनीवरही गोदाम यायचं ठरलं. बाबांची एकच अट होती, गोठा जळणात जाणार नाही. अकलोलीला आत्याची मोकळी जागा होती. तिथं तो पुन्हा उभा करायचा आणि बाबांनी बैलजोडीसकट त्यातच राहायचं. सुदामनं सगळं लाकूड ट्रकनं नेलं, गोठा उभा केला आणि लगेच मला फोन केला. "दादा, बाबा आत पाय ठेवत न्हाय. आत्याच्या ओटीवर बसून हाय. धड जेवत पण न्हाय. तू ये."

रजा टाकून गेलो. जमिनीत राहून मेढीचा बुडखा कुजला होता. सुदामनं तो कापला आणि शेंड्याकडचं चांगलं लाकूड खाली करून मेढ उलटी उभी केली. आखूड पडली तिथं वर फळीचे तुकडे ठोकले. त्याच्या मते हे शहाणपण. दाव्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या खुणा, ज्या बैलांच्या मानेजवळ असायच्या, आता कौलांजवळ गेल्या होत्या. मी वर बघतच राहिलो. स्वप्नात माणसं आपली असतात आणि घर भलतंच असतं, तसं वाटलं.

"लाकूड ते लाकूड," सुदाम म्हणाला, "त्याला काय समजतंय?"

ओटीवरून बाबा म्हणाले, "बुडखा खाली, शेंडा वर. झाड वाढलं तसंच उभं करायचं असतं. डोक्यावर उभ्या केलेल्या झाडाखाली मी झोपू?"

सुदामचा चेहरा उतरला. मला दोघांचाही राग आला. पण बाबा फार वाळले होते, आणि हे असंच राहिलं तर ते उपाशीच संपतील अशी मला भीती वाटली.

सकाळी तुळईला टेकू दिले, ओळखीच्या ट्रकवाल्याचा जॅक लावून छप्पर बोटभर उचललं आणि मेढ काढली. सुलटी करून धरली. वरची जुनी खाच तुळईला बरोबर बसली, पण खाली वीतभर पोकळ. सुदाम पुन्हा फळीचे तुकडे गोळा करायला लागला. तेव्हा बाबा उठून आले आणि कुंपणाजवळचा एक सपाट दगड दाखवला. "हा घाल खाली."

मी म्हणालो, "बाबा, मेढ जमिनीत असते ना?"

"होती. जमीन गेली. आता दगडावर उभी राहील. सुलटी असली म्हंजे झालं."

जॅक सोडला. वजन बसताना लाकूड जरासं कुरकुरलं. बाबांनी बैल आत बांधले, आत्याकडून भाकरी मागून खाल्ली, मेढीच्या बाजूला घोंगडी टाकली आणि आडवे झाले. सुदाम आणि मी दारात बसून त्यांचं घोरणं ऐकत होतो.

आता मस्कतमध्ये कोणी विचारलं, तुझं घर कुठं, तर माझ्या तोंडी वळ येत नाही, अकलोलीही येत नाही. मी सांगतो, माझे बाबा दुपारचे निवांत झोपतात तिथं.