सुनेच्या दुधाले लावलेला बोल

आजवर कोणाले सांगतलं नाई हे. नवऱ्याले नाई, सख्ख्या बहिणीले नाई. तुम्ही परके — म्हणून सांगाले जमते काय? माहीत नाई. थकली मी हे सांभाळून.

आम्ही नाचणगावचे, पुलगावात आमचं कापडाचं दुकान हाय. माझी सून सुवर्णा — पोरगी गुणाची, तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाई, ते जाऊ द्या. नात झाली तवा घर कसं भरून गेलतं! मंग थंडी लागली आन् लेकराच्या गालावर, कोपराच्या घडीत लाल चट्टे उठले. खाजवून खाजवून रक्त काढे ते लेकरू. मी रोज बेसन आन् साय लावून चोळून आंघोळ घाली — आपल्यात तसंच करतेत नं — तर अजूनच सोलून निघे.

येणाऱ्या-जाणाऱ्या बाया विचारत, काऊन वं असं झालं? आन् मी भरल्या घरात बोलून गेली — सुनेचं दूध बाधलं. वांगे खाल्ले इनं, शेंगदाणे खाल्ले. मंग तिचं पथ्य सुरू केलं. वांगं बंद, शेंगदाणे बंद, तुरीची डाळ बंद. आपल्या इकडे एवढं बंद केल्यावर ताटात उरते काय? ओली बाळंतीण, वाळून चालली. पण एक शब्द उलटून बोलली नाई.

सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवाले मीच नेलं लेकराले, सुवर्णा तापानं पडली होती. डॉक्टरीणबाई निवांत बोलली. कातडीत एक प्रथिन असते म्हणे — ते कातडीले घट्ट ठेवते, ओल आत धरते. काही घराण्यात ते कमीच बनते. मंग बारीक भेगा पडतेत, बाहेरचं आत शिरते, आन् आग उठते. आईच्या खाण्यानं नाई झालं हे, तिले पोटभर जेवू द्या. लेकराले चोळू नका, आंघोळ झाली का ओल्या अंगावरच मलम लावा. आन् विचारलं — घरात कोणाची कातडी अशी कोरडी हाय काय? तळहातावर लई दाट रेघा?

माझे हात मांडीवर होते. मी मुठी मिटल्या आन् नाई म्हटलं.

हिवाळ्यात माझ्या पायाले खवले धरतेत — लहानपणापासून. लग्नाआधी आई म्हणे, तेल लावत जा आन् कोणाजवळ बोलू नको. लपवाची सवयच लागली. पण सवयीनं खोटं बोलली काय मी? छे! चारचौघीत बोललेलं मागं घ्याची लाज वाटली, बस. घरी आली, मलम सुवर्णाच्या हाती दिलं, चोळणं बंद केलं — आन् सांगतलं, डॉक्टरीणबाई म्हणे पथ्य पाळ.

हो. असं सांगतलं मी.

नात आता शाळेत जाते, मलमानं बरीच बरी हाय. सुवर्णा मात्र अजून शेंगदाण्याले हात लावत नाई.

परवा मेथी निवडता निवडता म्हणाली, "आई, दुसरं लेकरू नको मले. माझ्या अंगातच खोट हाय." रडली नाई. माझ्या तोंडाकडे पाहत राह्यली — मी 'तसं नाई वं' म्हणन, म्हणून.

मी म्हटलं, "जशी तुझी मर्जी."