भांड्यांवर नावं टाकणारे भाईदास नाना

दोंडाईच्याच्या बाजारपेठेत रुपचंद शेठचं भांड्यांचं दुकान होतं. आत शिरलं की डाव्या हाताला एक बुटकं स्टूल आणि त्याच्यापुढे लाकडी ठोकळा. तिथे भाईदास नाना बसायचे. गिऱ्हाइकाने घेतलेल्या भांड्यावर नाव टाकून देणं, एवढंच त्यांचं काम. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात चार भावांत जमीन वाटली गेली, तेव्हा ते चौसष्ट साली बायकोला घेऊन इथे आले आणि या स्टुलावर बसले ते बसलेच. आधी छोटी छिन्नी आणि हातोडी असायची. टिंबाटिंबाने अक्षर उमटायचं. त्र्याऐंशीत शेठने विजेवर चालणारं मशीन आणलं. मग ते पेन्सिलीसारखं हातात धरायचं आणि लिहायचं. नानांनी आठवड्याभरात तेही अंगवळणी पाडलं.

वीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाला नावांबद्दल मतं होणारच. कुणी बाळाच्या बारशासाठी वाटी-चमचा घेऊन पुढे यायचं आणि सांगायचं, "चिरंजीव पिंटू लिहा."

"खरं नाव काय?"

"अजून ठरलं नाही. पिंटूच म्हणतो आम्ही."

"ठरल्यावर या. वाटी साठ वर्षं टिकते. पिंटूला मिशा आल्यावरही ती पिंटूच म्हणेल."

लोक हसायचे आणि पिंटूच लिहून घ्यायचे. नाना लिहून द्यायचे. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. कागदावर 'प्रविण' आलं की ते एकदा विचारायचे, "दुसरी वेलांटी ना?" गिऱ्हाईक म्हणायचं, शाळेच्या दाखल्यावर असंच आहे. मग पहिली. भांडं त्यांचं, नाव त्यांचं.

एका गोष्टीत मात्र ते अडून बसायचे. भावंडांची जोडीची नावं त्यांना चालत नसत. त्याचं कारण बोदवडहून माहेरी आलेली एक बाई होती. तिने जुळ्या मुलांसाठी दोन वाट्या घेतल्या होत्या, एकीवर राम, दुसरीवर लखन. दोन वर्षांनी ती एकच वाटी घेऊन आली आणि विचारलं, हे नाव पुसता येईल का. लखन गोवरात गेला होता. नाना म्हणाले, पुसता येत नाही, घासलं तर पत्रा पातळ होतो. ती वाटी पिशवीत टाकून गेली. तेव्हापासून नाना सांगायचे, प्रत्येकाचं नाव त्याच्या त्याच्यापुरतं ठेवा.

नानांना एकच मुलगी होती. सहासष्टची. तिचं नाव तापी. नानांच्या आईचंही तेच नाव होतं आणि ती वारल्यावर दीड महिन्याने मुलगी झाली, म्हणून दुसरं नाव कुणाच्या मनातच आलं नाही. तापीच्या पाठीवर मूल झालं नाही. ती सातवीपर्यंत शिकली, घरात आईबरोबर शेवया-पापड करायची, फार बोलायची नाही. पंच्याऐंशी साली अमळनेरजवळच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगा चंद्रकांत, घरची बागायत, स्वभावाने शांत. लग्न ठरलं.

लग्नाला महिना असताना मुलाची आई, सुंदरबाई, साड्या घ्यायला म्हणून दोंडाईच्याला आली. जाताना दुकानात डोकावली. नाना तेव्हा एका परातीवर कुणाचं तरी नाव टाकत होते.

"भाऊ, पोरीच्या भांड्यांवर नाव टाकलं का?"

"अजून नाही. आता सुरू करणार."

"मग रोहिणी टाका. लग्नात तेच नाव ठेवायचंय. चंद्राची रोहिणी. तापी म्हणजे फार जुन्या बायांसारखं वाटतं."

लग्नात मुलीचं नाव बदलतं हे नानांना नवं नव्हतं. स्वतः त्यांनी शेकडो भांड्यांवर अशी नवी नावं टाकली होती. शेवंताबाई, त्यांची बायको, माहेरची झिंगू होती. ते "बरं" म्हणाले. पुढचे पंधरा दिवस दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ते एकेक भांडं ठोकळ्यावर घ्यायचे. हंडा, कळशी, परात, डबे, ताटं, पेले. सगळी मिळून सत्तावन्न. प्रत्येकावर 'चि. सौ. कां. रोहिणी'. घरी भांड्यांची रास लागली तेव्हा तापीने एक पेला उचलून वाचला आणि वडलांना विचारलं,

"दादा, हाई मनं नाव शे का?"

"तुनंच शे."

"मंग ठीक शे," ती म्हणाली आणि पेला परत राशीत ठेवला.

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला ती आली, पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आठ दिवस कुणी त्यांना काम सांगत नाही. घरात ती तापीच होती. शेवंताबाईने एकदा विचारलं, तठे तुले रोहिणी म्हनतस का? ती म्हणाली, हो, पण हाक ऐकली की आधी दुसऱ्या कुणाला मारली असंच वाटतं.

सत्त्याऐंशीच्या भाद्रपदात तिला सातवा महिना होता. डोळे पिवळे दिसायला लागले. चंद्रकांतने आधी गावातल्या वैद्याचं औषध दिलं, मग अमळनेरला दाखवलं, तिथून धुळ्याला नेलं. तार आली त्याच दिवशी नाना एसटीने धुळ्याला पोचले. दवाखान्यात टेबलामागे एक नर्स वही घेऊन बसली होती.

"तापी नावाची पेशंट. काल आणलंय. कावीळ."

नर्सने बोट फिरवत वही पाहिली. "तापी नावाचं कुणी नाही."

नाना उभे राहिले. दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं. सत्तावन्न वेळा लिहिलेलं. पण त्यांनी ते कधी तोंडाने घेतलं नव्हतं आणि आताही ते जिभेवर येईना. शेवटी ते म्हणाले, "चंद्रकांतची बायको. अमळनेरकडची."

"रोहिणी चंद्रकांत. सरळ जा, शेवटची खाट."

ती शुद्धीवर नव्हती. नाना खाटेशेजारी बसले. चंद्रकांत खिडकीजवळ उभा होता, त्याने चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ती गेली. मूल पोटातच गेलं होतं. कुणाचं काही चुकलं असं कुणी म्हणालं नाही, आणि नानांनाही तसं वाटलं नाही. काही वाटलंच नाही, असं ते पुढे शेवंताबाईला म्हणाले. तिला आधी रडू आलं, मग तेही येईनासं झालं. ती रोज भाकरी थापायची, एक जास्तीची थापली जायची, ती शेजारच्या गायीला घालायची.

चौदाव्या दिवशी नाना दुकानात गेले. रुपचंद शेठ म्हणाला, आणखी आठ दिवस थांबा. नाना म्हणाले, घरी बसून काय करू. पहिलं काम आलं ते बारशाच्या वाटीचं. हात चालला. अक्षर नेहमीसारखं आलं.

मात्र एक फरक पडला, तो शेठच्याही ध्यानात आला. नाना गिऱ्हाइकांना मतं सांगेनासे झाले. पिंटू म्हटलं तर पिंटू, राम-लखन म्हटलं तर राम-लखन. एकदा एक जण म्हणाला, "नाना, पोराला काय नाव ठेवू, तुम्हीच सांगा." नाना म्हणाले, "जे सांगाल ते लिहितो."

पुढच्या वैशाखात टपालाने एक पत्रिका आली. नाना जेवायला घरी आले होते. शेवंताबाई दारात तूर पाखडत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"कोनी धाडी?"

"चंद्रकांतचं लग्न शे."

ती पाखडत राहिली. "करू दे. तरणा शे. पोरगी कोनी शे?"

नाना पत्रिका हातात धरून होते. आधी त्यांना वाटलं, जुनीच पत्रिका चुकून आली. त्यांनी तारीख पाहिली. अठ्ठ्याऐंशी. वर छापलं होतं, चि. चंद्रकांत आणि चि. सौ. कां. रोहिणी. खाली मुलीच्या मामाचं नाव होतं. आईवडील नव्हते.

"नाव काय शे पोरीनं?" शेवंताबाईने पुन्हा विचारलं.

"रोहिणी."

सूप थांबलं. "तेच?"

"तेच ठेवलं."

तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "भांडा तरी कामले येतीन." आणि पाखडायला लागली. नानांनी पत्रिका खुंटीवरच्या पिशवीत ठेवली. दोघं लग्नाला गेले नाहीत. कुणी बोलावणं मनापासून केलं की रीत म्हणून, हे त्यांनी ठरवलं नाही.

नव्वद सालच्या मार्गशीर्षात एका सकाळी एक बाई दुकानात आली. बावीस-तेवीसची, कडेवर तीन महिन्यांची मुलगी. तिने चांदीचा मुलामा दिलेली वाटी घेतली आणि नानांसमोर येऊन बसली.

"नाना, तुम्ही मला ओळखत नाही. मी अमळनेरकडून आले. मी रोहिणी."

नानांनी मशीन बंद केलं. तिच्याकडे पाहिलं. तापीसारखी ती अजिबात नव्हती. उंच, रंगाने उजळ, मोकळेपणाने बोलणारी.

"सासूबाई म्हणाल्या, पोरीची वाटी गावातच घे. पण मला यायचं होतं. तुमच्या भांड्यांतच मी रोज स्वयंपाक करते. म्हटलं, एकदा भेटावं."

"चहा घ्या," नाना म्हणाले. शेठने चहा मागवला.

ती बोलत राहिली. तिच्याआधी तीन भावंडं वाचली नव्हती, म्हणून आईने झोळी पसरून पाच घरी पीठ मागितलं होतं आणि तिचं नाव भिकुबाई ठेवलं. शाळेत पोरं वाटी पुढे करायची. लग्नात रोहिणी नाव ठेवलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. आपल्याआधीच्या बाईचंही तेच होतं, हे तिला लग्नानंतर आठ दिवसांनी कळलं, एका पेल्यावर वाचून.

"सासूला विचारलं. त्या म्हणाल्या, चंद्राची बायको रोहिणीच. शिवाय भांड्यांवर आहेच." तिने मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "वाईट वाटलं का तुम्हाला?"

नानांनी विचार केला. "ठाऊक नाही," ते म्हणाले. ते खरं होतं.

"तिचं माहेरचं नाव काय होतं? घरात कुणी सांगत नाही. यांना विचारलं तर हे उठून शेतात जातात. मला वाटलं, पोरीला तेच ठेवावं. तिच्या भांड्यांत मी संसार मांडला, एवढं तरी करावं."

नानांनी रद्दीचा एक तुकडा घेतला आणि पेन्सिलीने लिहिलं. तापी. तिने कागद हातात घेतला, वाचला. तिचा चेहरा जरा पडला.

"जुनं आहे हो नाना. आता असं कुणी ठेवत नाही. शाळेत हसतील."

"हो. जुनंच आहे."

"मला नावावरून फार त्रास झालेला आहे. म्हणून म्हणते."

"बरोबर आहे. तुम्हाला कोणतं आवडतं?"

"प्रियंका."

नानांनी वाटी ठोकळ्यावर ठेवली. "पहिली वेलांटी," ते म्हणाले आणि मशीन सुरू केलं. तिने रद्दीचा तुकडा घडी घालून पाकिटात ठेवला. का ठेवला, हे त्यांनी विचारलं नाही.

दुपारी ती घरी जेवली. शेवंताबाईने पोरीला तेल लावलं, टोपडं सारखं केलं. जाताना तिच्या ओटीत खण-नारळ घातला आणि म्हणाली, "तुले माहेर नई. आखाजीले आठेच येत जाय." हे आपण का बोललो ते तिलाही नंतर सांगता आलं नाही.

ती खरंच आली. एक्क्याण्णवला आली, ब्याण्णवला आली, मग दर वर्षी. लिंबाला झोका बांधला जायचा, पोरगी त्यावर बसायची. शेवंताबाई रोहिणीला 'माय' म्हणायची. नाना काहीच म्हणत नसत. "जेवलीस का", "गाडी किती वाजता", असं बिननावाचं बोलायचे. तिच्या ते ध्यानात आलं होतं, पण ती बोलली नाही. त्या दोघांचं तिच्यावर प्रेम होतं का, हे शेजाऱ्यांना कळत नसे. ती आली की घरात दोन दिवस तळण व्हायचं, गेली की पुन्हा वरण-भाकरी.

पंच्याण्णवच्या आखाजीनंतर नाना तिला पोचवायला स्टेशनवर गेले. भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरला गर्दी होती. ती पोरीला घेऊन डब्याकडे धावली आणि शेवंताबाईने दिलेली सांडग्यांची पिशवी बाकावरच राहिली. नानांनी ती उचलली. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे, धावणं जमण्यासारखं नव्हतं. पुढे दहाबारा बायका दारात एकमेकींना रेटत होत्या.

"रोहिणी," त्यांनी हाक मारली.

आवाज फार मोठा नव्हता. पण ती वळली. गर्दीतून परत आली, पिशवी घेतली. क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली, मग "येते नाना" म्हणून डब्यात चढली. खिडकीतून पोरीने हात हलवला. गाडी सुटली.

नाना फलाट रिकामा होईपर्यंत थांबले. छातीत काही होईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ऊन चढलं होतं. ते नळावर पाणी प्यायले आणि चालत घरी आले.

शेवंताबाई झोक्याचा दोर सोडत होती. "जागा मिळनी का तिले?"

"मिळनी व्हई," नाना म्हणाले आणि दोराचं दुसरं टोक धरलं.