तिनं न सुचवलेलं गाणं

काय बघावं, काय ऐकावं, काय वाचावं, हे मला बरीच वर्षं एकच बाई सांगायची. माझी मैत्रीण. म्हैसूरहून नंजनगूडला आम्ही रोज एकाच बसनं जायचो, एकाच कारखान्याच्या ऑफिसात बसायचो. मी लग्न करून साताऱ्याकडून इथं आलेली. तिचं घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या इथलंच, पूर्वी कापडं रंगवणारं. तिची मराठी निम्मी कन्नड, पण माझ्या कानाला ती गोड लागायची.

बसमध्ये एका इयरफोनची दोन टोकं आम्ही दोघी कानात घालायचो. रॅप म्हणजे नुसती बडबड, असं मी एकदा ठासून सांगितलं, तर म्हणाली, "अय्यो, अगोदर ऐक तरी की ग! शिव्या सोडून दे, बाकीचं ऐक." ऐकलं. इथल्याच मंड्याकडचा कुणी पोरगा आपल्या बापाच्या शेताबद्दल कन्नडमध्ये असा काही तडातडा बोलत होता, की आमचा स्टॉप आला कधी ते कळलं नाही. पोलिसांची एक मल्याळम मालिकाही तिनंच सांगितली. त्यात कुणी पळत नाही, गोळ्या झाडत नाही, नुसते चहा पीत बसतात. "तिसऱ्या भागापर्यंत दम धर," म्हणाली. धरला, आणि मग चौथ्यापासून घरात स्वयंपाकाचे वांधे झाले. मी तिला मराठी कथांची पुस्तकं द्यायचे. ती ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचायची आणि अडलेले शब्द बसमध्ये विचारायची. तिनं सांगितलेलं कधी वाया गेलं नाही. नाहीतर आमचे हे! ते एखादा सिनेमा सुचवतात आणि दहाव्या मिनिटाला स्वतःच घोरतात.

असं रोजचं बोलणं झालं की मनातलंही बाहेर येतं. नवऱ्यालासुद्धा न सांगितलेली एक गोष्ट मी तिला सांगितली. इथं आले त्या पहिल्या वर्षी हे कामावर गेले की दिवसभर मराठीचा एक शब्द कानावर पडायचा नाही. टीव्हीवर मराठी होती, पण टीव्ही काही आपल्याशी बोलत नाही. मग मी गावाकडच्या एसटी स्टँडच्या चौकशीला फोन लावायचे. पुण्याची गाडी कधी, विचारायचे. पलीकडचा माणूस खेकसायचा, "लागलीय की फलाटाला, या लवकर!" मी म्हणायचे, "आलेच हं." फोन ठेवायचे आणि ढसाढसा रडायचे.

यंदा संक्रांतीला इथल्या मराठी बायकांपैकी एकीकडे हळदीकुंकू होतं. मैत्रीण आली नव्हती. तिळगुळाबरोबर इथल्या पद्धतीनं उसाचं कांडं हातात दिलं आणि कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. मैत्रिणीच्या कॉलेजात शिकणाऱ्या भाचीचं रॅप, त्यांच्या घरच्या कन्नडमिश्रित मराठीत. पहिलं कडवं आजोबांच्या रंगानं माखलेल्या हातांवर होतं. काय सुंदर होतं! मी पायानं ठेका धरला. "अगं, हे मला कसं कुणी सांगितलं नाही?" असं मोठ्यांदा विचारलंसुद्धा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

दुसऱ्या कडव्यात महाराष्ट्रातून आलेली एक आंटी होती. सगळ्यांची मराठी सुधारणारी, आणि दुपारी गुपचूप फोन लावणारी.

"कुठली गाडी, कुठला स्टँड?
आंटीला पायजे मराठी बॉयफ्रेंड!
आलेच हं, आलेच हं!"

शेवटची ओळ दोन-तीन बायकांच्या तोंडून आपसूक निघाली. म्हणजे गाणं पाठ होतं त्यांना. मी हसले. दुसरं काय करणार? हातात ते उसाचं कांडं धरून मी हसत उभी राहिले. अंगाची लाही लाही होत होती.

सुट्टीनंतर बसमध्ये तिला विचारलं, "ती आंटी मीच ना?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सुम्ने ग, उगीच मस्करी. नाव कुठं घातलंय?"

"दुनियाभरचं ऐकायला सांगतेस मला. हेच का नाही सांगितलंस?"

"तू रागावशील म्हणून."

म्हणजे हिला माहीत होतं. भाचीनं कुठून ऐकलं असेल, चुकून निघालं असेल तोंडातून, अशी तिच्या वतीनं मी रात्रभर सबबी शोधत होते! बॉयफ्रेंड कसला? मी रडत होते, हे तुला माहीत होतं ना, असं मी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली, आणि देवाशपथ सांगते, तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "भाचीला तिथं काही सुचत नव्हतं ग," ती म्हणाली. "ती बॉयफ्रेंडची ओळ मीच दिली. चांगली जमलीय, नाही?"

"माझा विश्वासघात केलास तो केलास, आणि वर मलाच विचारतेस कशी जमलीय?" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. अख्खी बस वळून बघायला लागली. मी काय बोलले, ते त्या बसमध्ये तिच्याशिवाय कुणालाही कळलं नाही.