पिवळ्या पिशवीची मावशी

पिशवीची मान पिरगळायची ती. कोंबडीची पिरगळावी तशी, एका झटक्यात, आन मग म्हणायची, “पिवळ्यात पडलं, सरकारचं झालं.” सांगलीच्या दवाखान्यात कवा गेला आसाल तर अशी मावशी तुमी बी बघितली आसंल. रक्ताचं, कापसाचं पिवळ्या पिशवीत, नळ्या-हातमोजे लाल पिशवीत. चुकलं तर डॉक्टरला बी सोडायची न्हाई. एका पाव्हण्याची टोपी पिवळ्यात पडली, ती बी काढू दिली न्हाई. गेला बिचारा बोडक्यानं.

माझं पोरगं झालं तवा मी लय भ्यालेली. दूध येईना, पोरगं नीट रडंना, आन त्यात सासू, तिला मी आत्या म्हणते, ती आटपाडीवरनं मडकं घिऊन आली. पोरामागनं पडती ती वार न्यायची, घरामागं पुरायची. आमच्यात तसंच करत्यात. वार कुत्र्यानं वढली तर पोर जगत न्हाई म्हणत्यात.

मावशीनं मडकं बघूनच न्हाई म्हटलं. वार पिवळ्यात गेलीया, कचऱ्याची गाडी येणार, भट्टीत जळणार, कायदा हाय.

“आवं, माझ्या नातवाची वार सरकारला कशाला?”

“ठिवायला न्हाई. जाळायला.”

जाळणार म्हटल्यावर आत्यानं गळा काढला, मी बी काढला. मग मावशी आत्याजवळ टेकली आन हळूच म्हणाली, “पुरलेलं कुत्रं उकरतंय. भट्टीत कुत्रं शिरतंय व्हय?”

आत्यानं पदरानं डोळं पुसलं, तवा मावशी म्हणाली,

“नाळ सुकून घरी पडंल, ती तुमची. ती पुरा मडक्यात. पर तिला लावलाय त्यो चिमटा प्लास्टिकचा, लाल पिशवीतला. त्यो परत आणायचा.”

खरंच सांगितलं का चेष्टा केली, मला आजून कळलं न्हाई. नाळ पडली, पुरली, दूध बी आलं, पर चिमटा मी धुऊन जपून ठिवला. पोराला डोस द्यायला गेलो तवा पदराला बांधून नेला. आत्यानं मावशीसाठनं घरची डाळिंबं घेतली.

मावशी न्हवती. ठेकेदार बदललेला, जुन्या बाया काढलेल्या. पाटणकडची हुती, एवढंच कुणीतरी सांगितलं. तिच्या जागची नवी पोरगी चिमटा बघून हसली, म्हणाली कुठंबी टाका. मी लाल पिशवीतच टाकला.

आत्या मातर उठंना. गाडी आली की मावशी पिशव्या घिऊन भाईर येती, तिला ठावं हुतं. गाडी आली, पिशव्या भरल्या, गाडी गेली. आत्या दाराकडं तोंड करून बसलेलीच, मांडीवर डाळिंबं.

“गुटगुटीत झालाय,” ती म्हणाली, “नुसता दावायचा हुता तिला.”